आण्णांच्या कानातला कापूस

डोळा लागावा अशी ही वेळच नव्हे. पाच वाजता बारसं आहे, घुगऱ्या अजून चुलीवर चढलेल्या नाहीत, आणि बाळाची एकुलती एक आत्या, म्हणजे आजच्या सोहळ्यात जिच्यावाचून पान हलायचं नाही ती मालन, भर दुपारी चटईवर आडवी झाली आहे. नुसती पाठ टेकायची, असं ठरवून. बावन्नाव्या वर्षी पाठ टेकली की डोळे झोपेला फितूर होतात, हे तिला ठाऊक आहे. तरी.

शेजारी गोधडीवर बाळ झोपलं आहे. बारा दिवसांची पोर. मालनचा तळवा तिच्या पोटावर आहे, आणि ते पोट वर येतं, खाली जातं, वर येतं. डोक्यावर झेंडूच्या माळा लावून सजवलेला रिकामा पाळणा टांगला आहे. स्वयंपाकघरात मालनची म्हातारी चुलती, काकू, फळीवर भांडी लावते आहे. न्हाणीघरातून नळाचा आवाज येतो. अक्षता, बाळाची आई, आंघोळ करते आहे. आंघोळीला इतका वेळ लागत नाही. नळ सोडून रडायचं ही युक्ती या घरात नवी नाही.

बाहेर गल्लीत माग चालू आहेत. खटाखट, खटाखट. इचलकरंजीत जन्मलेलं माणूस या आवाजानं जागं होत नाही, तो थांबला की होतं. मालननं चाळीस वर्षं याच गल्लीत मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, सातवीनंतरचं शिक्षण भेळेच्या कागदांवरून केलं, आणि या आवाजात तिला कालपर्यंत काहीही वाईट दिसलं नव्हतं.

काल मिरजेला डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोटानं हलकीच टिचकी दिली. बाळ दचकलं. पुन्हा दिली, पुन्हा दचकलं. "दुसरं बाळ दोन-तीनदा दचकतं, मग कंटाळतं," बाई म्हणाल्या. "ही कंटाळत नाही." सहाव्या टिचकीला पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं, मुठी आवळल्या, आणि क्षणभर खोलीत कुणीच श्वास घेतला नाही. बाळानंही नाही.

मग बाईंनी समजावून सांगितलं होतं. पाठीच्या कण्यातल्या पेशींवर बारीक दारं असतात. आवाज झाला, स्पर्श झाला की पेशी खवळतात. त्यांना आवरायला शरीर ग्लायसिन नावाचा निरोप्या पाठवतं. तो येऊन दाराला लागला की दार उघडतं आणि पेशी निवते. ते दार कसं घडवायचं, हे एका जनुकात लिहिलेलं असतं. त्याचं नाव जी-एल-आर-ए-वन. मालननं ते बोटाच्या पेरांवर मोजून पाठ केलं. तिथलं एखादं अक्षर चुकलं की दार नीट उघडत नाही, मग दचकलेलं अंग निवतच नाही.

"म्हणजे मागाचा काटा," मालन म्हणाली होती. "आडवा धागा तुटला की काटा पडतो आणि माग आपोआप थांबतो. आमच्या पोरीला तो काटा न्हाई."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगितलंत. आता एक सांगा, घरात कुणाला असं होतं? वडील, आजोबा, काका? जनुकाची तपासणी यायला महिना जाईल. पण घराण्यात आहे म्हणालात, तर मी आजच औषध सुरू करते. नाहीतर आधी साध्या फिट्स धरून चालावं लागेल. त्याचं औषध वेगळं."

मालनचा भाऊ सुदर्शन तिच्याकडे बघत होता. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पाठीमागून कुणी हॉर्न दिला तर स्कूटर सोडून उडी मारणारा.

"न्हाई," मालन म्हणाली. "कुणालाच न्हाई."

बाईंनी तिच्या हातावर निळ्या पेननं स्वतःचा नंबर लिहिला. आठवलं तर फोन करा, कधीही. मग टॉवेलची गुंडाळी घेऊन दाखवलं, बाळ ताठ होऊन श्वास अडकला तर काय करायचं: डोकं आणि पाय दोन्हीकडून पोटाशी आणून दुमडायचं. मालननं बघितलं. हे हात तिनं पूर्वी पाहिले होते. टॉवेलशिवाय.

तळव्याखालचं पोट वर येतं. खाली जातं.

आणि वीज जाते. गल्लीतले सगळे माग एकाच वेळी थांबतात. पाण्यात बुडी मारावी तशी शांतता कानावर बसते. उठायला हवं, मालन म्हणते. वीज परत येईल तेव्हा सगळे माग एकदम सुरू होतील. त्याआधी पोरीला आतल्या खोलीत न्यायला हवं. ती उठते.

उठते ती कापडाच्या घडीखात्यात.

लांबच्या लांब टेबल आहे. आण्णा, तिचे वडील, पाठमोरे उभे राहून कापडाच्या घड्या घालताहेत. आण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली हे तिला आठवतं, पण ते बोलून दाखवणं बरं दिसणार नाही. भुवयांवर कापसाचे तंतू, कानामागे निळी पेन्सिल, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. ते बोळे ते स्वतः वळायचे, टोकाला पीळ देऊन, समईच्या वातीसारखे. पलीकडच्या शेडमध्ये माग चालू आहेत. आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे पळताहेत. आवाज नाही.

"आण्णा."

ऐकू जात नाही. पुढे होऊन खांद्याला हात लावावा तर लावायचा नाही. या घरात पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकायची: आण्णांना मागून हाक मारायची नाही, मागून शिवायचं नाही, समोरून यायचं. मागून गेलं की आण्णा दचकत, आणि दचकले की हातही पुढे न करता तोडलेल्या झाडासारखे आडवे होत. कारखान्यात त्यांना ओंडका म्हणत. टवाळ लोक कागदी पिशवी फुगवून त्यांच्या पाठीशी फोडत. त्यापायी त्यांनी माग सोडला आणि हे घडीचं काम धरलं.

म्हणून मालन टेबलाला वळसा घालून समोर जायला निघते. टेबल संपत नाही. ती चालते आहे, कापड तिच्याबरोबर चाललं आहे, आणि त्याचा रंग बदलत बदलत बाळाच्या दुपट्यासारखा पिवळा होतो. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी आहेत.

"माले," आण्णा मान वर न करता म्हणतात, "किती येळ चालतीयास. बस की."

"बसायला सवड कुठली. बारसं हाय. सुदर्शनला मुलगी झालीय."

"नाव काय ठेवताय?"

"निहारिका. अक्षताच्या मनात हाय."

"आणि काकू काय म्हणतीया?"

"काकू म्हणतीया, मी आपली न्याहारी म्हणून हाक मारीन."

आण्णा हसतात. आवाज न करता, खांदे हलवून. जिवंत असताना हसायचे तसेच. मालनलाही हसू येतं आणि त्याच वेळी तिच्या पाठीत धपाटा बसतो.

ती वळते. मागे बायका उभ्या आहेत. नऊवारी नेसलेल्या, दंडात वाकी घातलेल्या, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या बायका. यातल्या निम्म्या आता नाहीत. टेबल टेबल राहिलेलं नाही, मधोमध पाळणा आहे, आणि मालनचा हात त्याच्या काठापर्यंत जेमतेम पोचतो. ती नऊ वर्षांची आहे. पाळण्यात सुदर्शनच्या आधीचा भाऊ आहे, बारा दिवसांचा.

"आत्याची एसटी चुकली," कुणीतरी म्हणतं. "आता म्हण की गं तूच. भण काय परकी हाय?"

मालनला माहीत आहे पुढं काय होणार. नाव ठेवताना आत्यानं बाळाच्या कानाशी जाऊन कुर्रर्र म्हणायचं, मग नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत गमतीनं धपाटे घालायचे. साधी गंमत आहे. साऱ्या मुलखातली बाळं ती ऐकून फार तर रडतात.

"मी न्हाई म्हणणार," ती म्हणते.

धपाटा.

"बाळ ताठ हुतंय. मला म्हाईत हाय."

धपाटा. धपाटा. "म्हण की गं! लाजतीया!"

पाळण्यातलं बाळ डोळे उघडून तिच्याकडे बघतं. त्याच्या नाकाचा शेंडा गुलाबी आहे. नऊ वर्षांची मालन मोठेपणानं फुगलेली आहे, आत्याचा मान तिला मिळाला आहे. आणि बावन्न वर्षांची मालन त्याच अंगातून ओरडते आहे, नको, नको. तिचंच बोट पुढे होतं, लाडानं त्या नाकावर टेकतं, आणि तिचंच तोंड कानाशी जातं.

कुर्रर्र.

बाळ लाकूड होतं.

"भूत लागलं!" "चप्पल हुंगवा!" "कांदा फोडा, कांदा!" सगळ्या एकदम धावतात, एकमेकींवर आपटतात. एवढ्यात आण्णा दारातून आत घुसतात. मालननं हे खरोखर पाहिलेलं आहे. बायकांच्या घोळक्यात शिरलेला तो एकटा पुरुष, पुढे केलेले दोन हात, बोटं वाकवलेली, काहीतरी दुमडायला निघाल्यासारखी. आणि हेही पाहिलेलं आहे, की काकू त्यांच्या पाठीत हात घालून त्यांना ढकलते: "बाप्यांचं काय काम हितं!"

मागून. मागून लागलेला हात.

आण्णा कोसळतात. पण आज पुरते कोसळत नाहीत. अर्ध्यावर थांबतात, भिंतीला टेकवलेल्या फळीसारखे तिरपे, आणि टेकायला भिंतच नाही. खाली उंबरठा आहे. कपाळावर ज्या जागी पुढं आयुष्यभर व्रण राहिला, ती जागा उंबरठ्यापासून वीतभर वर आहे. बायकाही थांबल्या आहेत, चप्पल उचललेल्या, कांदा धरलेल्या. हलते आहे ती फक्त मालन.

ती त्यांच्यापाशी बसते. समोरून.

"तुम्ही काय कराया आला हुता आत?"

तिरप्या आण्णांना आता पुन्हा ऐकू जात नाही. बोळे. ते काढावेत तर कानाला हात लावावा लागेल. आणि हात लावला आणि ते दचकले तर ती उरलेली वीत संपेल. मालनचा हात हवेत थांबतो. घड्याळात पाचला पाच मिनिटं आहेत, बायकांच्या पापण्या थरथरायला लागल्या आहेत, त्या आता सुटतील.

"आण्णा, मला सांगायचं हाय तुम्हाला. बोळं काढा."

ते तिच्या ओठांकडे बघतात. मग तसेच तिरपे असताना स्वतःच्या हातानं एक बोळा काढतात. दुसरा काढतात. तिचा हात ओढून घेऊन तळव्यावर ठेवतात आणि तिची मूठ मिटवतात. जिवंतपणी त्यांनी हे बोळे मालनच्या आईच्याही हाती कधी दिले नाहीत.

"सांग आता. हळू बोल."

"मीच मारलं त्याला," मालन म्हणते. "नाकावर बोट ठेवलं आन् कुर्र केलं. मला मान पाहिजे हुता."

आण्णा तिची मिटलेली मूठ दाबतात.

"तू कुर्र केलंस," ते म्हणतात. "आन् मी गप बसलो. आता ह्यातलं मोठं कुठलं, तूच सांग."

"गप बसलासा म्हंजे?"

"मला लहानपणी असंच हुयाचं. आई मला दुमडायची. डोकं गुडघ्याला लावायची, की श्वास यायचा. किती येळा आला असंल, मोजलं न्हाई. माझं लगीन ठरलं तवा तिनं शपथ घातली. बोलायचं न्हाई. भित्र्या घराण्यात कोण पोरगी दील? तुझ्या आईलासुदीक न्हाई सांगितलं मी. तुझ्या आईला ठावं असतं, तर तिनंच दुमडला असता त्याला. मला धावत यायला लागलं नसतं."

"लोक तुम्हाला भित्रा म्हणायचे."

"मी भित्रा न्हवतो गं. पंचगंगेच्या पुरात उडी मारलीया मी. माझं निस्तं अंग भ्यायचं." ते तिच्याकडे बघतात. "काल मिरजंला डॉक्टरीण काय इचारत हुती?"

मालन नजर उंबरठ्याकडे वळवते.

"काय म्हणालीस?"

"न्हाई म्हणाले."

"आन् सूनबाई कशापायी रडतीया न्हाणीत?"

तेही मालनला ठाऊक आहे. आठव्या महिन्यात अक्षता भावाच्या वरातीत डीजेपुढं उभी राहिली, म्हणून पोर दचकरी निपजली. काकूनं हे अकरा दिवसांत गल्लीभर केलं आहे. अक्षतानं ते खरं मानलं आहे. आणि मालननं, जिच्या एका वाक्यानं हे मिटलं असतं, रोज तिच्यापुढं खिरीची वाटी सरकवली आहे. बोलणं सोडून सगळं केलं आहे.

"म्हंजे तू बी माझीच लेक," आण्णा म्हणतात. रागानं नाही. ते ऐकून मालनला रडू येतं ते थांबत नाही.

"रडू नगंस. येळ न्हाई. हे धर."

कापड आहे. पिवळं दुपटं, लांबच लांब, आणि ते दोघं पुन्हा टेबलापाशी आहेत. टेबलावर डॉक्टरीणबाईंच्या तपासणीच्या खोलीतला दिवा लोंबतो आहे. आण्णा सरळ उभे आहेत. कपाळावर व्रण नाही.

"डोकं हिकडनं. पाय तिकडनं. मधी पोटापाशी आण. दुमड."

मालन धरते. कापड गरम आहे. आणि कडक. लाकडासारखं.

"मोडंल, आण्णा."

"मोडत न्हाई."

"मला भ्या वाटतंय."

"वाटू दे. भिऊन हात सोडला की घडी पडत न्हाई, येवढंच."

ती जोर लावते. कापड वाकत नाही. घड्याळाचा काटा पाचावर जातो. पलीकडच्या शेडमधल्या मागांना, जे इतका वेळ मुके चालले होते, हळूहळू आवाज फुटायला लागतो. आण्णा कानाकडे हात नेतात. कानांत काही नाही. बोळे तिच्या मुठीत आहेत. ते तिच्याकडे बघून हसतात, खांदे हलवून, आणि म्हणतात,

"आली बग वीज."

खटाखटाखटाखट. गल्लीतले सगळे माग एकाच दणक्यात सुरू होतात, पाठोपाठ स्वयंपाकघरात फळीवरचं ताट खाली पडून गोल गोल वाजत राहतं, आणि मालनचे डोळे उघडतात. तळव्याखालचं पोट वर येत नाही.

गोधडीवर पोर ताठ आहे. मुठी गच्च. ओठांभोवती निळसर कडा.

मालन हाक मारत नाही, विचार करत नाही. हात आपोआप जातात. एक मानेखाली, एक गुडघ्यांखाली. डोकं इकडून, पाय तिकडून. अंग वाकत नाही, फळीसारखं उलटं ढकलतं, आणि ती हात सोडत नाही. दुमडते. आणखी. हनुवटी छातीला, गुडघे पोटाला. एक. दोन. तीन. चार.

पोरीच्या अंगातला ताठपणा एकाएकी निसटतो. ती मालनच्या हातांत मऊ होते, एक लांब, ओला श्वास घेते, आणि मग असा काही टाहो फोडते की गल्लीतले माग फिके पडावेत.

दारात अक्षता उभी आहे, केस निथळताहेत. तिच्यामागे ताट पाडणारी काकू.

"अगं बया, पुन्हा लागलं काय!" काकू वळते. "थांबा, चप्पल आणते."

"काकू," मालन म्हणते, "चप्पल ऱ्हाऊ दे. माझा फोन आण. आन् सुदर्शनला बोलीव."

तिच्या आवाजात काय असतं कुणास ठाऊक, पण काकू फोन आणते. मालन पोरीला उराशी धरून, हातावरचे निळे आकडे वाचत नंबर लावते. चार घामानं पुसट झाला आहे, पण चारच आहे. सुदर्शन घुगऱ्यांसाठी भिजवलेल्या हरभऱ्यांची परात घेऊन तसाच दारात येतो.

"डॉक्टरीणबाई, मी इचलकरंजीहून मालन. काल तुम्ही विचारलं, घरात कुणाला हाय का." ती एकदा अक्षताकडे बघते. "हाय. माझ्या वडलांना हुतं. माझा एक भाऊ बाराव्या दिवशी ह्यानंच गेला. आन् हा दुसरा भाऊ, पोरीचा बाप, अजून हॉर्नला उडी मारतो. माझ्या भावजयीचा ह्यात काडीचा दोष न्हाई. काल मी खोटं बोलले. आत्ता पोरीचा श्वास अडकला हुता. दुमडली, आला. औषध सांगा, आम्ही निघालोच."

सुदर्शन परात खाली ठेवतो. फार हळू, आवाज होणार नाही अशी. अक्षता भिंत धरून खाली बसते. ती रडत नाही. बारा दिवसांत पहिल्यांदाच ती मालनकडे सरळ बघते.

"ताई," ती म्हणते, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"व्हय."

यापुढं अक्षता जे काही बोलेल ते ऐकून घ्यावं लागणार आहे. आज नाही तर उद्या. मालन मान खाली घालत नाही.

"आणि बारसं?" काकू पुटपुटते. "बायका यायच्या आता पाचला. पाळणा सजलाय..."

"येऊ देत. घुगऱ्या खाऊ देत. पाठीत धपाटे घालायचे तर मला घाला, हवे तेवढे, देणं लागते मी. पण ह्या घरात कुर्र कुणी करायचं न्हाई. ही जागी असताना समोरून जाऊन सांगायचं, निहारिका. समजलं?"

"निहारिका," काकू म्हणते. आणि नाव सरळ उच्चारलं याचं तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी तोंडाला पदर लावते.

सुदर्शन गाडी बघायला जातो. अक्षता उठून हात पुढे करते. मालन पोरीला तिच्याकडे देते, मान कशी धरायची ते दाखवत. दुपट्याची घडी उलगडते तेव्हा पोरीची हनुवटी आणि गुडघे यांच्यामध्ये काहीतरी पांढरं अडकलेलं दिसतं. मालन ते चिमटीत उचलते.

कापूस आहे. या गल्लीत कापसाचे तंतू हवेत उडतात, भाजीत पडतात, देवाच्या तसबिरीवर बसतात. दुपट्यात सापडले तर त्यात काय एवढं.

फक्त हा बोळा आहे. टोकाला पीळ दिलेला, समईच्या वातीसारखा. आणि दुसरा तिच्या दुसऱ्या मुठीत, घामानं ओला.